दीपमाळ मिलची मागची खोली

१

चार वाजून वीस मिनिटांनी मी प्रदर्शनाच्या खोलीत आले, तेव्हा काचेच्या पेटीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. किल्ली कुलपातच लटकत होती. ती तिथं मीच विसरले होते, हे आधीच सांगून टाकते.

पेटीत सकाळी तीन वस्तू ठेवल्या होत्या. आता दोनच होत्या.

मी प्रियदर्शनी खाडे. राजारामपुरीत सातव्या गल्लीत आमचं वाचनालय आहे, तिथली ग्रंथपाल. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सीताबाई चौगुले यांच्यावरच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. सीताबाई ‘साक्ष’ नावाचं साप्ताहिक चालवायच्या. १९५७ साली त्यांनी एका बलाढ्य तेलगिरणीचा गुन्हा उघडा पाडला. त्या काळात इथल्या वर्तमानपत्रात बाईचं नाव यायचं ते लग्नाच्या नाहीतर निधनाच्या बातमीत. सीताबाईंचं नाव पहिल्या पानावर, लेखाच्या खाली यायचं.

त्यांच्या घरोघरच्या नोंदींची वही पहिल्यांदाच लोकांसमोर येणार होती. तिचं एकही पान अजून स्कॅन झालं नव्हतं.

माझ्या हाकेनं शेजारच्या खोलीतून दोघी धावत आल्या. एक अपूर्वा, सीताबाईंच्या दिरांची नात. सगळे कागद तिनंच आणून दिले होते. दुसऱ्या वर्षाराणी सरनोबत. एका दैनिकात त्यांनी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. गावात कुणी त्यांना नावानं हाक मारत नाही, सगळ्यांच्या त्या आक्का. फलकांवरचं शुद्धलेखन बघायला म्हणून त्या आल्या होत्या आणि आल्या आल्या दोन वेलांट्या दुरुस्त करून झाल्या होत्या.

“वही गेली!” मी म्हणाले.

अपूर्वानं झाकण उचललं. काळ्या बांधणीची एक वही बाहेर काढली, उघडं पान बघितलं आणि खाली बसली.

“ताई, ही इथंच आहे. घरोघरच्या नोंदींची वही हीच.”

“मग गेली ती कुठली?”

“लाल कापडाची. टपालवही. अंक कुणाकुणाला पाठवायचा, त्यांचे पत्ते होते त्यात. बाकी काही नाही.”

मोलाची वही हातभर अंतरावर होती. तिच्यापुढं बोटभर जाड अक्षरांत फलक होता. आणि चोरानं ती सोडून पत्त्यांची वही नेली होती.

२

“पोलिसांना फोन लावू?” मी विचारलं.

“लाव की. पण आधी मला एक सांग, आत कोण कोण आलतं?” आक्का म्हणाल्या.

आमचा कॅमेरा बाहेरच्या दारावर आहे. आत काय घडलं ते त्यात दिसत नाही, आत कोण आलं ते दिसतं. मी पेटीत फलक मांडून निघाले ते दोन वाजता. तिथून पुढं खोलीत आले ते मोजकेच. अडीचला विजयसिंह जगदाळे. ज्या गिरणीवर सीताबाईंनी लिहिलं त्या दीपमाळ ऑइल मिलच्या मालकाचे नातू. आता शिरोलीला त्यांचा फाउंड्रीचा कारखाना आहे. तीनला प्राध्यापक धैर्यशील पोवार. ‘साक्ष’मधले लेख सीताबाईंनी नव्हे, त्यांच्या वकिलानं लिहिले, असं सांगणारं पुस्तक त्यांनी पूर्वी लिहिलंय. सव्वातीनला आमच्याकडं काम करणारी स्वप्नाली आपल्या आजीला घेऊन आली. आजीचं नाव बनाबाई, वय शहाऐंशी. कबनूरहून नातीबरोबर एसटीनं आल्या होत्या. स्वप्नाली हातातलं काम उरकेपर्यंत पेटीजवळच्या खुर्चीत बसल्या. जाताना मला बाथरूम विचारलं आणि ‘पुरुष’ लिहिलेल्या दारात शिरणार होत्या, तेवढ्यात स्वप्नालीनं हात धरून वळवलं. दोघी पावणेचारला गेल्या.

“आणि आम्ही तिघी,” अपूर्वा म्हणाली.

“व्हय, आपण हायच की,” आक्का म्हणाल्या. मग त्या पेटीशी गेल्या आणि ‘साक्ष’चा बांधीव खंड उघडून उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. मी फोन हातात घेऊन तशीच थांबले.

मी ते लेख चार वेळा वाचले होते. तरी आक्का मोठ्यानं वाचायला लागल्या आणि मला परत काटा आला.

१९५७च्या पावसाळ्यात इचलकरंजीच्या आसपास माणसांचे पाय सुजायला लागले. मग धाप लागायची आणि माणूस जायचा. गिरणीवाले म्हणाले, सडलेल्या तांदळाचा रोग आहे. डॉक्टरांनीही मान डोलावली. सीताबाई तेव्हा चौतिशीच्या होत्या. नवरा नेमिनाथ वारल्यावर त्याचा छापखाना एकट्या चालवत होत्या. त्यांनी छापखान्याला कुलूप लावलं आणि चालायला लागल्या. घरात जायचं, आजाऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबायचा, खड्डा किती वेळ राहतो ते बघायचं, चुलीपुढं बसून कुठला तांदूळ, कुठलं पाणी, कुठलं तेल विचारायचं. दोनशे चौदा घरं. तांदूळ सगळ्यांचा वेगळा होता. पाणी वेगळं होतं. पाय सुजलेल्या प्रत्येक घरात तेल मात्र एकच होतं, दीपमाळ छाप. घाण्याचं तेल खाणाऱ्या शेजारच्या घरात कुणाच्या पायाला सूज नव्हती.

मग त्या फाटकं लुगडं नेसून, नाव बदलून, त्याच गिरणीत पोती वाहायला लागल्या. नऊ दिवस. नवव्या दिवशी मागच्या खोलीतून मूठभर काळं बारीक बी ओच्यात घालून बाहेर आल्या. ते पिवळ्या धोतऱ्याचं बी होतं. विषारी. त्याचं तेल शेंगतेलात मिसळलं जात होतं.

“एकटी बाई,” आक्का खंड मिटत म्हणाल्या. “फोन न्हाय, गाडी न्हाय, पाठीशी कुणी न्हाय. आणि आपल्याला एक वही सांभाळता आली न्हाय.”

त्यांनी पदर खोचला.

“चल. विजयसिंहांकडं जाऊ.”

३

विजयसिंह जगदाळे त्यांच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात भेटले. साठीचा उंच माणूस. चोरीचं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“आणि तुम्ही माझ्याकडं आलासा. बरोबर हाय. मीबी हेच केलं असतं.”

“प्रदर्शनाच्या खोलीत तुम्ही लई वेळ हुता म्हणं,” आक्का म्हणाल्या.

“वाचत होतो. आमच्या घरात ते लेख कधी येऊ दिले नाहीत. आजोबांचा फोटो हाय हितं, त्यांना दंड झाला हे मला कॉलेजात दुसऱ्यांकडून कळालं. एकतीस माणसं मेली, आक्का. त्यातल्या एकाचं तरी नाव मला माहीत असावं म्हणून आलतो.”

“उद्या ते सगळं लोक वाचणार. तुम्हाला चालंल?”

“न चालून सांगतो कुणाला? छापलंय ते.” त्यांनी चष्मा परत लावला. “एक सांगू? आजोबा मरेपर्यंत एकच गोष्ट इचारत होते. मागची खोली त्या बाईला कुणी दाखवली? ती खोली गेटातनं दिसायची न्हाय. कामगारांतल्याबी मोजक्यांनाच ठावं होती. पोती वाहणाऱ्या नव्या बाईला ती नऊ दिवसांत सापडणं शक्यच न्हाय, म्हणायचे.”

“कोर्टात इचारलं हुतं की त्यांना.”

“व्हय. त्या म्हणाल्या, आत काय होतं ते माझ्या डोळ्यांनी बघितलं, ते इचारा. नेलं कुणी ते सांगणार न्हाय. मुकादमाच्या हाताखालचा मिसळणारा माणूस आणि मॅनेजर दोघं तुरुंगात गेले. आणि नाव सांगितलं न्हाय म्हणून चाळीस दिवस त्याबी गेल्या.”

खाली रिक्षात बसताना मी म्हणाले, “आक्का, हा माणूस खोटं बोलत नसावा.”

“बोलत आसंल नसंल. पण ह्याला लपवायचंच आसतं तर ह्यानं खंड नेला आसता, नाहीतर काळी वही. पत्त्यांची वही नेऊन ह्याचं काय झाकतंय?”

पोवार सर सायबर चौकाजवळ राहतात. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पण बसा म्हणाले नाहीत.

“माझ्यावर संशय?”

“तुमच्या पुस्तकात लेख वकिलाचे म्हणून लिवलंय,” आक्का म्हणाल्या. “काळ्या वहीत बाईंच्या अक्षरात कच्चे लेख हायत. खाडाखोडीसकट. उद्या ते सगळ्यांना दिसणार.”

सरांचा चेहरा पडला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत ते हळू आवाजात म्हणाले, “दिसलंच मला आज. उघडं पान होतं ते वाचलं. एक वाक्य तिनं सात वेळा लिहिलंय. आठव्यांदा जमलंय. दुसऱ्याचं उतरवून घेणारा माणूस असं खोडत नाही.” मग म्हणाले, “वीस वर्षं मी ते पुस्तक शिकवलंय. घरी येऊन तासभर नुसता बसून होतो. वही चोरायचं डोक्यात आलं नाही, असं नाही म्हणत. पण चोरायचीच असती, तर मी चुकीची वही नेली असती का हो?”

आक्का एकदम थांबल्या.

“काय म्हणालात?”

“चुकीची वही. फलक होता की समोर, एवढा मोठा.”

“व्हय,” आक्का स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “फलक हुता की समोर.”

आणि त्या जिना उतरायलाही लागल्या.

४

वाचनालयात अपूर्वा तशीच बसून होती. आक्कांनी तिच्या हातातून काळी वही घेतली, उलटीसुलटी केली.

“ही बांधणी जुनी न्हाय.”

“नाही. कसर लागली होती. गेल्या वर्षी पुण्याहून नवीन पुठ्ठा घालून आणली.”

“आदी कशी हुती?”

“लाल. आजींच्या सगळ्या वह्या लाल खादीच्या. एकाच ताग्यातून बांधलेल्या.”

आक्कांनी डोळे मिटले. त्यांच्या दैनिकातल्या जुन्या लोकांकडून मी ऐकलं होतं, की आक्कांना चूक सापडली की त्या डोळे मिटतात.

“प्रियदर्शनी, छत्तीस वर्षं मी एकच काम केलं. वाचणं. वाचता येणाऱ्या माणसाचं एक दुखणं आसतंय. त्याला न वाचणं जमत न्हाय. अक्षर समोर आलं की ते वाचूनच होतं. गडबडीत, भीतीत, कसंबी. ह्या पेटीपुढं हात लांब करणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर ‘घरोघरच्या नोंदींची वही’ आणि ‘टपालवही’ असं बोटभर जाड लिवलेलं हुतं. त्यानं दोन्ही बघितलं आणि त्याला दोन्हीतलं कायबी कळलं न्हाय.”

“म्हणजे?”

“चोराला वाचता येत नव्हतं.”



“मग त्यानं काय बघून उचलली?” आक्का पुढं म्हणाल्या. “रंग. त्याला लाल वही पाहिजे हुती. म्हंजे सीताबाई कसल्या वहीत लिवायच्या ते त्यानं बघितलं हुतं. ती काळी झाली गेल्या वर्षी, हे त्याला ठावं न्हाय. म्हंजे बघितलं ते जुन्या काळात. सीताबाई लिवत असताना, समोर बसून. तसलं माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढचं आसणार.”

माझ्या डोळ्यांसमोर ‘पुरुष’ लिहिलेलं दार आलं आणि त्याकडं चाललेली एक वाकलेली पाठ.

“बनाबाई,” मी म्हणाले. “पण का? पत्त्यांची असो नाहीतर नोंदींची, न वाचता येणाऱ्या बाईला वही कशाला पाहिजे?”

आक्कांनी काळी वही माझ्यापुढं सरकवली. “बारा ऑगस्टच्या आसपासचं पान काढ. मागच्या खोलीचा पहिला उल्लेख तिथं आसणार. खंडात गिरणीत शिरल्याची तारीख हाय, तिच्या आदल्या आठवड्यातला.”

मी पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही अपूर्वाला दिली.

५

सकाळी साडेसातला अपूर्वाच्या गाडीतून आम्ही इचलकरंजीजवळ कबनूरला पोचलो. सगळ्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. दार स्वप्नालीनंच उघडलं. आम्हाला बघून ती गोंधळली.

“मॅडम, तुम्ही? मी निघालेच होते की कामाला.”

“तुझ्या आजीला भेटायला आलोय,” मी म्हणाले.

बनाबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही शेजारी बसलो. आक्कांनी काही विचारलं नाही. विचारायची गरजही पडली नाही. म्हातारीनं स्वप्नालीला दूध आणायला पाठवलं, उठून पिठाचा डबा उघडला आणि पिठानं माखलेली लाल वही आमच्यापुढं ठेवली.

“रातभर उशाला घिऊन झोपले. पर इचारू कुणाला? पोरीला वाचायला दिलं तर तिलाच कळणार.”

“काय कळणार, आजी?” अपूर्वानं विचारलं.

“माझं नाव.”

मग त्या बोलल्या. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा.

“मी अठरा वर्साची हुते. माझा थोरला भाऊ पिराजी दीपमाळ मिलमदी तेल मिसळायच्या कामावर. मीबी तिथंच पोती शिवायला. पिराजी मिलचं तेल घरला आणायचा. एक दिस आणायचं बंद केलं. म्हणाला, आजपासनं आपल्या घरात घाण्याचं खायाचं. मी म्हणलं का? तर म्हणाला, गप बस. म्होरल्या महिन्यात आमच्या गल्लीत पाय सुजाय लागलं. शेजारची गंगू, माझ्या वयाची, पाच म्हयन्याची गरवार. गेली. तवा मी पिराजीच्या मागनं गेले आणि ती खोली बघितली. काळं बी, ह्या छपरापत्तर.”

त्यांनी हात वर केला.

“सीताबाई घरोघरी फिरत हुत्या. आमच्या दारात आल्या तवा मी सगळं सांगितलं. त्या मांडीवर लाल वही घिऊन लिवत हुत्या. मग मला भ्या वाटलं. म्हणलं, बाई, भाऊ हाय माझा. त्या म्हणाल्या, तुझं नाव लिवत न्हाय. मी म्हणलं, कोर्टात मीच येऊन सांगते. त्यावर म्हणाल्या, तू बोललीस तेवढं लई झालं. आता मी सोता जाते, सोता बघते. मग सांगणारी मीच एकटी. तुझ्यापत्तर कुणी येणार न्हाय.”

मी आक्कांकडं पाहिलं. नऊ दिवसांची ती गोष्ट गावात सगळे सांगतात. बाईची हिंमत, बाईचा हट्ट, बातमीसाठी जीव धोक्यात घातला वगैरे. आमच्या प्रदर्शनाच्या मोठ्या फलकावरही तेच होतं. सीताबाईंना खोली आधीच माहीत होती, बी काय आहे ते माहीत होतं. लेख त्या घरी बसूनही लिहू शकल्या असत्या. त्या गिरणीत गेल्या त्या या मुलीसाठी.

“नऊ दिस माझ्या शेजारी पोती वाहिली,” बनाबाई म्हणाल्या. “हाताची सालं निगाली. रगत याचं. मी चोरून चिंधी टाकली त्यांच्याम्होरं, ती उचलली न्हाय. माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाय. मला रडाय याचं आणि त्या पलीकडं बघायच्या.”

“आणि पिराजी?”

“दोन वर्सं आत गेला. आला तवा केस पांढरं झाल्तं. लगीन झालं, पोरं झाली. पर मरेपत्तर म्हणायचा, ज्यानं सांगितलं त्यो माझ्याम्होरं येऊ दे. मी त्याला ताटात वाढायची आणि त्यो म्हणायचा. बाईंवर माझा इश्वास हुता. पर मी बोलत असताना त्या लिवत हुत्या की हो. काय लिवलं? मला कुठं वाचाय येतंय? स्वप्ना म्हणाली, उद्या वह्या उगडून सगळ्या लोकांना दावणार. शेजारीच पिराजीचा आण्णासो ऱ्हातोय. मला आत्ती आत्ती करतोय.”

आक्कांनी पिशवीतून काळी वही काढली.

“ही हाय ती. पुठ्ठा बदललाय. ऐकताय न्हवं?” आणि त्यांनी बारा ऑगस्टचं पान वाचलं, मुद्रित वाचतात तसं सावकाश, एकही अक्षर न सोडता:

“‘आज मागच्या खोलीचा ठावठिकाणा कळला. जिनं सांगितला तिचं नाव इथं लिहीत नाही, पुढंही कुठं लिहिणार नाही. ही वही उद्या कुणाच्या हाती पडली, तर त्याला या पानावर माझ्याशिवाय कोणी सापडू नये. मी नाव कमावायला निघालेली बाई आहे असं लोक म्हणतात. आज एका मुलीनं आपला भाऊ पणाला लावला आणि नाव मागितलं नाही. तिच्यापुढं मी फार लहान आहे.’”



“परत वाचा,” बनाबाई म्हणाल्या.

आक्कांनी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

“बनाबाई,” मी म्हणाले, “वही मिळाली. ती आमच्याच कपाटात राहिली होती, असं मी सांगीन. तुमचं नाव आमच्या तिघींकडून कधी बाहेर जाणार नाही.”

“व्हय, तुमीबी पाळशिला,” त्या म्हणाल्या. मग भिंतीला धरून उठल्या. “पर त्या म्हणत्यात की मीच मोठी. मग मोठ्यावानी वागाय पायजे.”

काय करणार ते आम्हाला कळायच्या आत त्या बाहेर पडल्या होत्या.

६

शेजारच्या घरात दाराशीच आण्णासो मागावर उभा होता. साठी ओलांडलेला, जाड मिशांचा माणूस. बनाबाईंनी हातानं खूण केली. त्यानं माग बंद केला.

“आत्ती, काय गं? पावणं कोण?”

“आण्णा, तुझ्या आबानं जल्मभर एक इचारलं. मिलमधलं कुणी सांगितलं म्हणून. म्या सांगितलं.”

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्याचं हसू गेलं. त्यानं एकदा आमच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. आत गेला आणि दार लावून घेतलं. दूध घेऊन आलेली स्वप्नाली वाटेतच उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

बनाबाई बंद दारापासून वळल्या.

“चला,” त्या म्हणाल्या. “अकराला हाय न्हवं तुमचं?”

सभागृह भरलेलं होतं. विजयसिंह मागच्या रांगेत बसले होते, पोवार सर अगदी पुढं. भाषणांची यादी मी बाजूला ठेवली आणि बनाबाईंना माइकपाशी आणलं. त्यांना माइकची सवय नव्हती. मोठ्यानं, शेतातून हाक मारावी तसं बोलल्या. लाल वही आपणच नेली, हेसुद्धा सांगितलं. गंगूचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, नऊ दिवसांचं सांगितलं. दहा मिनिटांत संपलं. टाळ्या पडल्या नाहीत. कुणाला सुचल्याच नाहीत.

मग पोवार सर उठले.

“मी सीताबाईंवर एक पुस्तक लिहिलंय. ते चूक आहे. आजी, मला तुमच्याकडून पहिल्यापासून ऐकायचंय. मी कबनूरला येईन. कधी येऊ?”

“सकाळी या. दुपारी मी झोपती,” बनाबाई म्हणाल्या.

विजयसिंह मात्र पुढं आले नाहीत. सगळे गेल्यावर ते पेटीपाशी एकटे उभे होते. काळ्या वहीचं शेवटचं पान उघडं होतं. एकतीस नावं. ते प्रत्येक नाव हळू आवाजात उच्चारत होते. मी दिवे मालवायचं थांबवलं आणि बाहेर गेले.

संध्याकाळी पाचला आम्ही बनाबाईंना घरी सोडायला गेलो. गल्लीत माग चालू होते. आण्णासोचा बंद होता. तो बनाबाईंच्याच दारात, पायरीवर बसलेला दिसला. अपूर्वानं गाडी थांबवली. आक्कांनी माझा हात धरला.

बनाबाई उतरल्या आणि त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“एकटीच गेलतीस व्हय?” तो म्हणाला.

“पोरगी हुती संगं.”

“मला न्यायचं न्हाईस?”

“दार लावल्यालं हुतंस.”

त्यानं नाक पुसलं. “आबाच्या फोटोम्होरं रोज उदबत्ती लावतो मी. आता काय सांगू त्याला?”

“खरं सांग,” बनाबाई म्हणाल्या. “भणीनं सांगितलं म्हण. गंगू मेली म्हणून सांगितलं. आणि जल्मभर त्याच्या ताटात घाण्याचंच वाढलं म्हण.”

आण्णासो पायरीवर बाजूला सरकला आणि म्हातारी त्याच्या खांद्याचा आधार घेऊन हळूहळू शेजारी बसली.